ओस्ल्याचा बर्फ, अठरा अनोळखी माणसं आणि आपली भीड

प्रश्न थोडक्यात असा: वय 38, राहणं नाशिकला. कळसूबाई, हरिश्चंद्रगड, साल्हेर झालेले. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात उत्तराखंडात, हर की दून या उंचावरच्या दरीच्या वाटेवरच्या ओस्ला गावी जाणाऱ्या अठरा जणांच्या गटात एकटीनंच नाव नोंदवायचं आहे. बर्फ कधी पाहिलेला नाही, गटात ओळखीचं कुणी नाही. नवऱ्याची हरकत नाही, सासूबाईंची आहे. "मला जमेल का, आणि परक्या माणसांबरोबर जाणं सुरक्षित आहे का?"

मी पुण्याची. उत्तरकाशीच्या नेहरू इन्स्टिट्यूट ऑफ माउंटेनिअरिंगमध्ये शिकले आणि बरीच वर्षं हिवाळ्यात त्याच खोऱ्यात गट घेऊन जाते. जमेल का, याचं उत्तर सोपं आहे. साल्हेर चढून त्याच दिवशी उतरणारी बाई ओस्ल्यापर्यंत चालू शकते. दुसऱ्या प्रश्नाला मात्र वेळ द्यावा लागेल.

'परकी माणसं' म्हणताना बायकांच्या मनात पुरुष असतात, तंबू असतो, रात्र असते. ती काळजी खरी आहे, तिच्याबद्दल खाली लिहिते. पण हिवाळी गटांत मी जे बिघडताना पाहिलंय ते बहुतेक वेळा सभ्य आणि भिडस्त माणसांच्या हातून. मित्रांच्या टोळक्यात माणूस "अरे थांबा, माझं डोकं ठणकतंय" असं बिनदिक्कत ओरडतो. अनोळखी लोकांत तोच माणूस गप्प चालत राहतो, कारण आपल्यामुळे सतरा जण खोळंबतील याची त्याला लाज वाटते. बर्फात ही लाज महागात पडते. तुमच्या प्रश्नात "मी कुणाला त्रास होऊ देणार नाही" असं एक वाक्य होतं. मला काळजी वाटली ती त्या वाक्याची.

काही गोष्टी मला इथे बसून सांगता येणार नाहीत, त्या आधीच सांगते. त्या आठवड्यात बर्फ किती असेल, हे कुणालाच ठाऊक नसतं. एखाद्या वर्षी नाताळात सांकरीतच, म्हणजे पहिल्या मुक्कामाच्या गावातच, घोट्याएवढा बर्फ असतो, तर एखाद्या वर्षी ओस्ल्यात नुसती कोरडी थंडी आणि सावलीत साचलेले चार पांढरे पट्टे. तुमची प्रकृतीही मला माहीत नाही. दमा, रक्तदाब, रक्तक्षय किंवा गुडघ्याचं जुनं दुखणं असेल तर आधी डॉक्टर, मग बुकिंग. आणि तुमचा लीडर कोण, हेही ठाऊक नाही. ते सगळ्यात महत्त्वाचं आहे.

आधी जागा डोळ्यांसमोर आणा. देहरादूनहून नौगाव, पुरोला, मोरी, नेटवाड करत सांकरी साधारण दोनशे किलोमीटर, म्हणजे अख्खा दिवस गाडीत. रोख पैसे पुरोल्यातच काढून घ्या. नेटवाडला रूपिन आणि सुपिन या नद्या मिळतात आणि पुढे टोन्स होते. तिथून वर गोविंद पशुविहार, 1955 पासूनचं अभयारण्य, त्यामुळे वनखात्याचा परवाना लागतो. सांकरी 1,950 मीटरवर आहे. म्हणजे तुम्ही जिथे पहिल्या रात्री झोपणार ती जागाच कळसूबाईच्या माथ्यापेक्षा तीनशे मीटर उंच. सांकरीपासून तालुका नावाच्या गावापर्यंत अकरा-बारा किलोमीटर जीप जाते, पण बर्फ पडला की तेही अंतर पायी. पुढे सुपिनच्या काठाकाठानं, गंगाड गावावरून ओस्ला, सुमारे 2,600 मीटर. हर की दून 3,566 मीटरवर, ओस्ल्यापासून एका बाजूनं दहा-बारा किलोमीटर.

हे आकडे दोन कारणांनी सांगितले. एक, विरळ हवेचा त्रास साधारण 2,500 मीटरच्या वर सुरू होऊ शकतो, म्हणजे ओस्ला त्या उंबरठ्यावर आहे आणि हर की दून चांगलंच आत. तिथे हवेतला प्राणवायू समुद्रकाठच्या दोन तृतीयांशाच्या आसपास मिळतो. दोन, डिसेंबरअखेर त्या खोऱ्यात दिवस जेमतेम दहा तासांचा, आणि दोन्ही बाजूंना डोंगर असल्यानं ऊन त्याहून कमी. बर्फातून वीस-बावीस किलोमीटर जाऊन-येऊन करणं या हिशेबात अवघड बसतं. म्हणून हिवाळ्यात ओस्ला हे मुक्कामाचं ठिकाण धरावं आणि वरची वाट बर्फ जिथवर जाऊ देईल तिथवर. जाहिरातीत 'हर की दून समिट' असं लिहिलेलं असेल तर लिहिणारा तिथे गेलाय का, अशी मला शंका येते. ती दरी आहे. समिट कसलं डोंबलाचं!

आता आयोजकाकडे वळू. पैसे भरण्याआधी ऑफिसातल्या मुलाशी न बोलता, प्रत्यक्ष गट घेऊन जाणाऱ्या माणसाशी फोनवर बोलायला मागा. "अजून ठरलं नाही" असं उत्तर आलं तर ठरल्यावर बोलू म्हणावं, तोवर थांबावं. फोनवर मी एक प्रश्न हमखास विचारायला सांगते: "गेल्या हिवाळ्यात अर्ध्यातून कुठून परत फिरलात?" चांगला लीडर लगेच सांगतो. अमुक पुलापाशी, बर्फ मांडीपर्यंत होता, किंवा दोघांना उलट्या होत होत्या. "आम्ही कधीच परत फिरत नाही, शंभर टक्के सक्सेस" असं कुणी सांगितलं तर त्याच्याबरोबर जाऊ नका, मग तो कितीही स्वस्त असो. हिवाळ्यात कधीच परत न फिरणारा माणूस एकतर थाप मारतोय किंवा नशिबावर चाललाय.

दुसरं विचारायचं ते शेवटच्या माणसाबद्दल. अठरा जणांची रांग बर्फात सहज अर्धा-पाऊण किलोमीटर लांबते. पुढचा वाटाड्या पुढच्यांना दिसतो, पण मागच्या वळणावर बुटाची नाडी बांधायला बसलेल्या बाईला कोण दिसतं? रांगेच्या शेवटी चालणारा माणूस ठरलेला हवा, तो पगारी कर्मचारी हवा (गटातला एखादा हौशी तगडा मुलगा नको), आणि त्याच्यामागे कुणीही राहायचं नाही हा नियम हवा. अठरा जणांना लीडर धरून किमान तीन जाणती माणसं असावीत आणि त्यांतली निदान दोन सांकरी-ओस्ल्याकडची असावीत. आम्ही शहरी लीडर नकाशा, प्रथमोपचार, हिशेब बघतो. पण कुठल्या नाल्यावर सकाळी काचेसारखा बर्फ असतो आणि कुठल्या उतारावरून दुपारी बर्फ घसरतो, ते तिथल्या माणसालाच कळतं.

तिसरं म्हणजे मुक्काम. 2018 साली उत्तराखंड उच्च न्यायालयानं बुग्याळांवर, म्हणजे उंचावरच्या कुरणांवर, रात्री तंबू ठोकायला मनाई केली. त्यामुळे रोजची रात्र नेमकी कुठे आहे, गावातल्या घरात की तंबूत, आणि परवाना कुणाच्या नावावर आहे, हे लेखी मागा. प्राणवायूचा सिलिंडर बरोबर असतो का, आणि कुणाला खाली न्यावं लागलं तर त्याच्याबरोबर कोण जाणार, हेही विचारा. खाली म्हणजे मोरी किंवा पुरोल्याची सरकारी रुग्णालयं, आणि त्याहून मोठं काही लागलं तर थेट देहरादून. म्हणून त्या वाटेवर आजारपण लवकर ओळखणं हाच खरा उपचार असतो. आणि इथेच भीड आडवी येते.

पहिली भीड पाण्याची. हे बायकांचं जास्त. दिवसभर पुरुषांच्या घोळक्यात चालायचं, आडोसा नाही, सगळीकडे पांढरं उघडं रान, "थांबा" म्हणायची लाज. म्हणून पाणीच प्यायचं नाही. थंडीत तहान आधीच कमी लागते, पण कोरड्या हवेत श्वासावाटे पाणी जात राहतं. संध्याकाळी डोकं दुखायला लागतं, आणि हे विरळ हवेचं की पाण्याचं, ते मलाही लगेच सांगता येत नाही. एका गटात माझ्याबरोबर एक शाळेतल्या बाई होत्या, चांगल्या दमाच्या. तालुका गावाहून निघाल्यावर संध्याकाळपर्यंत त्यांनी अर्धी बाटलीही संपवली नव्हती. त्यांच्या डोकेदुखीसाठी दुसऱ्या दिवशीचा बेत बदलावा लागला आणि त्याचंच त्यांना जास्त वाईट वाटलं. तेव्हापासून मी पहिल्याच सकाळी जाहीर सांगते: दर तासाला थांबायचं, पुरुष पुढे जातील, बायका मागे थांबतील, कुणी कुणाला विचारायचं नाही. तुमच्या लीडरनं असं सांगितलं नाही तर तुम्ही त्याला बाजूला घेऊन सांगा. बाकीच्या बायका मनातल्या मनात तुम्हाला दुवा देतील.

दुसरी भीड जॅकेटची. सकाळी निघताना कडाक्याची थंडी असते, सगळे पाच थर चढवून निघतात. वीस मिनिटांत चढ लागतो आणि आत घाम फुटतो. आता थांबून सॅक उतरवायची, जॅकेट काढायचं, सॅक पुन्हा चढवायची म्हणजे तीन-चार मिनिटं. मागचे थांबतील म्हणून माणूस तसाच चालतो. दुपारी ऊन डोंगराआड गेलं की तोच घाम अंगावर गार पडतो. हायपोथर्मियाची, म्हणजे शरीराचं तापमान धोकादायक उतरण्याची, सुरुवात बहुतेक वेळा अशी घामातून होते, वादळाचीही गरज लागत नाही. निघताना थोडी थंडी वाजलीच पाहिजे. आतला कपडा सुती नको, कारण सुती कपडा घाम धरून ठेवतो. गटात चालताना कुणी अडखळायला लागलं, बोटांनी चेन लागेना, बोलणं जड झालं, तर लगेच लीडरला हाक मारा. कुडकुडणारा माणूस अजून लढतोय. कोरडे कपडे न घालता त्याचं कुडकुडणं आपोआप थांबलं आणि तो सुस्तावला, तर परिस्थिती फार वाईट आहे.

तिसरी भीड सगळ्यात घातक, ती डोकेदुखीची. एका डिसेंबरात पुण्याचा एक धडधाकट तरुण होता, सगळ्यांच्या पुढे चालणारा. रात्री तो जेवला नाही. "दुपारचं जेवण जड झालं" म्हणाला. त्यानं उलटी केली होती आणि ती पायानं बर्फ ढकलून झाकली होती, हे मला सकाळी त्याच्या खोलीतल्या सोबत्यानं सांगितलं. त्या सोबत्याची आणि त्याची ओळख दोन दिवसांची. सांगू का नको, या विचारात त्यानं रात्र काढली होती. मी त्या मुलाला सरळ रेषेत टाचेला चवडा लावून चालायला लावलं. तोल सांभाळता आला, म्हणून त्याला त्या दिवशी वर न नेता खाली पाठवण्यावर भागलं. संध्याकाळी सांकरीहून त्याचा निरोप आला की भूक लागली आहे. तोल गेला असता, किंवा बसल्या जागी धाप लागली असती, तर मेंदूत किंवा फुप्फुसात पाणी साठायला लागलंय असं समजून आम्ही त्याला घेऊन त्याच क्षणी उतरलो असतो.

उंचीवर नव्यानं सुरू झालेली डोकेदुखी ही विरळ हवेचीच, असं धरून चालायचं. सोबत मळमळ, भूक नसणं, झोप न येणं, विलक्षण थकवा यांतलं काही असेल तर वर जायचं नाही. वाढत असेल तर खाली जायचं. बोटाला लावायचं ऑक्सिमीटर बघून निर्धास्त राहू नका, गारठलेल्या बोटावर ते यंत्र काहीही आकडा दाखवतं. डायमॉक्स या विरळ हवेच्या त्रासावरच्या औषधाबद्दल अनेक जण विचारतात. ते डॉक्टरांना विचारूनच घ्यायचं, विशेषतः सल्फा औषधांची ॲलर्जी असेल तर. त्यानं लघवी वाढते आणि बोटांना मुंग्या येतात, हेही माहीत असू द्या. झोपेच्या गोळ्या नकोत. दारू नको.

दारूचं मुद्दाम लिहिलं, कारण तुमची तारीख वर्षअखेरची आहे. 31 डिसेंबरच्या बॅचमध्ये कुणाच्या तरी सॅकेत रमची बाटली असतेच. रमनं ऊब येते ती कातडीला. रक्त कातडीकडे धावतं आणि आतली उष्णता बाहेर निघून जाते. त्यातून रात्री कुणी एकटं तंबूबाहेर पडलं तर संपलंच. गाणी, पार्टी, स्पीकर यांच्या आशेनं काही लोक या तारखा निवडतात. तुम्हाला चालणारं असेल तर ठीक, नाहीतर जानेवारीचा दुसरा-तिसरा आठवडा बघा. बर्फ असण्याची शक्यता जास्त, गर्दी निम्मी, आणि आलेली माणसं डोंगरासाठी आलेली असतात. अर्थात त्यात थंडीही जास्त आणि रस्ता बंद होण्याचा धोकाही.

परत फिरण्याचा निर्णय कुणाचा, यावर अनोळखी गटात हमखास वाद होतो. प्रत्येकानं सारखेच पैसे भरलेले असतात, म्हणून प्रत्येकाला मत असतं. मी मतदान घेत नाही. कुणी गटाचा पाठिंबा गोळा करायला लागलं तर तिथेच थांबवते. अठरांपैकी पंधरा जणांना पुढे जायचं असलं तरी उरलेल्या तिघांचं रक्षण बहुमतानं होत नाही. जून 2024 मध्ये उत्तराखंडातच सहस्त्रतालच्या वाटेवर 22 जणांच्या गटाला, त्यांत बहुतेक कर्नाटकातले, हिमवादळानं गाठलं आणि 9 जण दगावले. तो जूनचा महिना होता, शाळा सुरू होण्याचे दिवस. डोंगरावर कॅलेंडर चालत नाही. म्हणून लीडर "फिरा" म्हणाला की फिरायचं, आणि तुमचा जीव घाबरत असेल तर तो म्हणायच्या आधी तुम्ही म्हणायचं. "मला आज वर जायचं नाही, मी गावात थांबते" हे वाक्य उच्चारण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. भीड ही भिकेची बहीण, असं आपल्याकडे उगाच म्हणत नाहीत.

आता रात्रीचं. खोली किंवा तंबू कुणाबरोबर, हे बुकिंग करतानाच विचारा आणि फक्त बायकांबरोबर हवं असेल तर तसं लेखी घ्या. "तिथे गेल्यावर बघू" हे उत्तर मान्य करू नका, तिथे गेल्यावर अंधार असतो आणि सगळे दमलेले असतात. गटात तुम्ही एकट्याच बाई असाल तर बॅच बदलून मागा, यात संकोच कसला? माझा अनुभव असा की पहिल्या दिवशी देहरादूनच्या गाडीत कोण कसं आहे ते बऱ्यापैकी कळतं. ड्रायव्हरशी आणि चहावाल्या पोराशी कोण कसं बोलतं, तिकडे लक्ष ठेवा. कुणाचं वागणं खटकलं तर पहिल्याच दिवशी लीडरला सांगा. पाचव्या दिवसापर्यंत सहन करून मग रडू नका. चांगल्या लीडरला असं सांगितलेलं आवडतं. पाळीची तारीख जवळ असेल तर सामान दोन दिवसांचं जास्त घ्या, आणि वापरलेलं परत आणायला झिपच्या जाड पिशव्या. बर्फात पुरलेलं उन्हाळ्यात जसंच्या तसं वर येतं.

ओस्ल्याबद्दल थोडं, कारण बहुतेक गट या गावाला फोटोची पार्श्वभूमी समजतात. देवदाराच्या लाकडाची आणि दगडाची घरं, खाली गुरं, वर माणसं. मधोमध नक्षीदार लाकडी देऊळ. बाहेरचे लोक त्याला 'दुर्योधनाचं देऊळ' म्हणतात. गावकरी म्हणतात हा आमचा सोमेश्वर, आणि दुर्योधनाचा विषय काढला की बरेच जण वैतागतात. तेव्हा तो काढू नका, आणि विचारल्याशिवाय देवळात पाऊल टाकू नका. कॅमेरा समोर धरण्याआधी विचारा. पोरांना चॉकलेट वाटू नका, त्यानं पुढच्या प्रत्येक गटामागे ती हात पसरत धावतात. काही द्यायचंच असेल तर घरच्या बाईकडून राजमा किंवा विणलेले मोजे विकत घ्या, आणि घासाघीस न करता. जेवणात पुरोल्याकडचा लाल भात मिळाला तर नशीब समजा. मंडुव्याची रोटी समोर आली तर तोंड वाकडं करू नका, ती आपली नाचणीची भाकरीच आहे. एका गटातल्या गृहस्थांनी तिथे पनीर बटर मसाल्याची चौकशी केली होती, तो प्रसंग मी अजून विसरलेले नाही.

गावातला खरा धोका शेकोटीचा. खोलीत निखाऱ्यांची अंगीठी ठेवून, दारं-खिडक्या लावून झोपायचं नाही. कितीही थंडी असो. निखाऱ्यांतून निघणाऱ्या वायूला वास नसतो आणि झोपेतला माणूस उठत नाही, उत्तरेत दर हिवाळ्यात अशा बातम्या येतात. तंबूत गॅस पेटवण्याचंही तसंच. शिवाय या सगळ्या लाकडी गावांना आगीचं भय असतं, याच मोरी भागात आगीत घरंच्या घरं गेलेली आहेत. म्हणून ठिणगी, सिगारेट, आणि "कॅम्पफायर नाही का?" हा हट्ट, तिन्ही नकोत. तिथलं लाकूड बायका पाठीवर वाहून आणतात आणि ते त्यांच्या चुलीसाठी असतं.

कपड्यांच्या याद्या आयोजक पाठवतोच, त्यामुळे फार लिहीत नाही. दोन गोष्टींवर पैसे वाचवू नका: बूट आणि हातमोजे. बूट आताच घ्या आणि जाण्याआधी महिनाभर घालून फिरा. बोटं आत हलली पाहिजेत, दोन जाड मोजे कोंबून बूट घट्ट झाला तर रक्त पोचत नाही आणि पाय अधिक गारठतात. हातमोजे दोन जोड, आत पातळ, वर जलरोधक. डाउन (पिसं भरलेलं) जॅकेट भाड्यानं सांकरीत मिळतं. काळा चष्मा मात्र स्वतःचा, चांगल्या दर्जाचा, कारण बर्फावरून परतणाऱ्या उन्हानं डोळे सुजतात आणि दुसऱ्या दिवशी उघडत नाहीत. झोपताना गरम पाण्याची बाटली स्लीपिंग बॅगेत घ्या, सकाळी तेच पाणी प्यायला होतं. फोन आणि बॅटऱ्याही अंगाशी ठेवा, थंडीत त्या भराभर उतरतात.

बर्फावर चालणं तुम्ही तिथेच अर्ध्या तासात शिकाल. पावलं लहान, तळवा पूर्ण टेकवायचा, पुढच्याच्या पावलात पाऊल. उतरताना भुसभुशीत बर्फात टाच रोवायची आणि मागे रेलायचं नाही. सकाळचा कडक बर्फ आणि सावलीतली काचेसारखी पातळ साय, या दोन जागी मायक्रोस्पाइक्स, म्हणजे बुटाखाली लावायचे छोटे खिळे, चढवायला आळस करू नका. सह्याद्रीतल्या लोकांना उघड्या कातळाची सवय असते, त्यामुळे ते बर्फाला कमी लेखतात आणि सपाट वाटेवर आपटतात.

तयारी म्हणाल तर एका दिवसात कळसूबाई किती वेळात झाली याला मी महत्त्व देत नाही. सलग दुसऱ्या दिवशी, अंग दुखत असताना, पाठीवर सात-आठ किलो घेऊन चालता येतं का, ते बघा. तुम्ही नाशिकच्या, म्हणजे रतनगड ते हरिश्चंद्रगड हा कात्राबाईच्या खिंडीतून जाणारा पायी पल्ला तुमच्या अंगणातला. नोव्हेंबरात तो एकदा करा, आणि जमल्यास तोही अनोळखी गटाबरोबर. "जरा थांबा" म्हणायचा सरावही तिथेच करा, अगदी गरज नसताना.

सासूबाईंचं काय? त्यांना "काही होत नाही हो आई" म्हणून पटणार नाही, आणि पटूही नये. त्यांच्या हातात एक कागद द्या: रोजचा मुक्काम, लीडरचा आणि सांकरीतल्या ऑफिसचा फोन नंबर, देहरादूनला परतायची तारीख. सांकरीच्या पुढे फोन लागेल असं धरू नका, आणि हे घरी आधीच सांगून ठेवा. चार दिवस फोन आला नाही म्हणजे काही झालं असं नाही, अमुक तारखेच्या रात्रीपर्यंत आला नाही तर या नंबरवर करा, असं ठरवलं की घरचेही निवांत राहतात. सासूबाईंचा आक्षेप परक्या माणसांवर असेल तर त्यांचं लीडरशी फोनवर बोलणं करून द्या. माझ्याशी अशा अनेक सासवा बोलल्या आहेत. त्यांचे प्रश्न मुलांच्या प्रश्नांपेक्षा नेमके असतात. एकीनं विचारलं होतं, "ती दमली तर तिच्याबरोबर मागे कोण राहील?" याच प्रश्नाचं उत्तर तुम्हीही मागायचं आहे.

एक राहिलंच. परतीचं तिकीट अजून काढलं नसेल तर ट्रेक संपल्याच्या दुसऱ्या दिवशीचं काढू नका, मध्ये निदान एक दिवस मोकळा ठेवा. सांकरीचा रस्ता बर्फानं किंवा दरड कोसळून बंद पडतो, आणि मग अठरांपैकी ज्या चार जणांचं विमान दुसऱ्या दिवशी सकाळी असतं ते ड्रायव्हरला रात्री गाडी काढायला लावतात. त्या गाडीत बसायचं की नाही, हे तुम्हाला तेव्हा ठरवावं लागू नये.